शीर्षकपानावरचे शहर

पाली मी कोणाकडे बसून शिकलो नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, पुण्यातल्या ग्रंथालयांत जे हाती लागेल त्यावर शिकत गेलो. या खटाटोपात ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ या रशियन ग्रंथमालेशी गाठ पडली. बौद्ध संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढणारी ही माला सेर्गेई ओल्डेनबर्ग यांच्या पुढाकाराने १८९७ साली सुरू झाली. शांतिदेवाचा ‘शिक्षासमुच्चय’ हा तिचा पहिला ग्रंथ. त्याच्या शीर्षकपानावर गाव आहे सेंट पीटर्सबर्ग. धर्मकीर्तीचा ‘न्यायबिंदू’ १९१८ चा, गाव पेत्रोग्राड. श्चेर्बात्स्की यांचा ‘बुद्धिस्ट लॉजिक’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९३० ते १९३२ मधला, गाव लेनिनग्राड. मी तेव्हा मालेतल्या ग्रंथांची स्वतःपुरती यादी करत होतो. प्रकाशनस्थळाच्या रकान्यात मी तीन वेगळी शहरे लिहिली आणि खाली टीपही जोडली, की ही माला रशियातल्या तीन शहरांतून निघत असे.

शेजारी बसणाऱ्या एका वयस्क वाचकांनी ती टीप पाहिली. ‘‘अहो, गाव एकच आहे हे,’’ ते म्हणाले, ‘‘राजवटी तीन आहेत.’’

ती यादी अजून माझ्याकडे आहे. टीप खोडलेली आहे, तरी वाचता येते. आज तिच्याकडे पाहताना वाटते, की चूक अगदीच अडाणीपणाची होती. पण त्या वयस्क वाचकांची दुरुस्तीसुद्धा पुरती बरोबर नव्हती. नावे तीन, राजवटी तीन, असा हिशेब या शहराच्या बाबतीत जुळत नाही. १९१७ ची क्रांती ज्या नावाच्या शहरात झाली ते नाव झारने दिलेले होते, आणि क्रांती करणाऱ्यांना ते मान्य नव्हते. साहित्यात तर हा हिशेब आणखीच विस्कटतो. कवी आणि कादंबरीकार शहराला जे नाव देतात ते बहुतेक वेळा त्या दिवशीच्या टपालाच्या शिक्क्यावरचे नसते. हा लेख त्या तफावतीविषयी आहे.

एक खुलासा आधीच करतो. ‘नामांतर’ हा शब्द मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला कोरडेपणाने वापरता येत नाही. त्या शब्दामागे आमच्याकडची जळलेली घरे आहेत. म्हणून या लेखात मी ‘नाव बदलणे’ असेच म्हणणार आहे.

पीटरने २७ मे १७०३ रोजी नेवा नदीच्या मुखाशी, सशांचे बेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका लहानशा बेटावर किल्ल्याचा पाया घातला. नाव ठेवले ते डच वळणाचे: सांक्त-पितेर-बुर्ख. पीटरला डच लोकांचे, त्यांच्या जहाजबांधणीचे वेड होते. नाव संत पीटरचे, स्वतःचे नव्हे, असे अधिकृतपणे म्हटले जाई. ते खरेही आहे, पण राजाचे आणि संताचे नाव एकच असण्यातली सोय कोणाच्या लक्षात येत नव्हती असे थोडेच आहे. पुढे उच्चार जर्मन वळणावर गेला आणि ‘पीटर्सबर्ग’ रूढ झाले. आपल्याकडच्या संस्कृत पंडितांना हे नाव दुसऱ्याच वाटेने माहीत झाले. बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात तिथल्या विज्ञान अकादमीने छापला. त्याला सगळे जण ‘पीटर्सबर्ग कोश’च म्हणतात. लेनिनग्राडच्या काळातही कोणी त्याला ‘लेनिनग्राड कोश’ म्हटले नाही. पुस्तकांच्या नावाला चिकटलेले गाव सरकारी हुकमाने हलत नाही, याचे हे मला माहीत असलेले पहिले उदाहरण.

१ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. महिनाभरातच राजधानीचे नाव बदलून ‘पेत्रोग्राड’ झाले. ‘बुर्ग’ जर्मन वाटतो, म्हणून त्याच्या जागी स्लाव्ह ‘ग्राड’. मूळ नाव डच होते, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. संत मात्र या बदलात गळाला. बोल्शेविकांना हा सगळा प्रकार युद्धज्वराचा वाटला. त्यामुळे त्यांच्या शहर शाखेने आपले ‘पीटर्सबर्ग समिती’ हे नाव १९१४ नंतरही बदलले नाही. क्रांतीच्या वर्षात पेत्रोग्राड शहरात पीटर्सबर्ग समिती काम करत होती! रशियाच्या इतिहासावरच्या आपल्याकडच्या लेखनात हा तपशील क्वचितच येतो. मीही एका जुन्या लेखात १९१७ ची क्रांती ‘लेनिनग्राडमध्ये’ घडवून मोकळा झालो होतो. लेनिन हयात असताना लेनिनग्राड कुठून येणार, हा साधा प्रश्न लिहिताना सुचला नाही, आणि संपादकांनाही नाही.

लोकांच्या तोंडी मात्र यातले काहीच नव्हते. कामगार आणि खेड्यातून आलेली माणसे शहराला ‘पीतर’ म्हणत. आजही म्हणतात. मे १९१८ मध्ये, धान्य संपत आलेले असताना, लेनिनने दुष्काळाविषयी शहरातल्या कामगारांना उद्देशून एक पत्र लिहिले. त्याच्या मूळ शीर्षकात ‘पीतरचे कामगार’ आहेत. इंग्रजी अनुवादात तिथे ‘पेत्रोग्राडचे कामगार’ येतात. अनुवादकाने वाचकाच्या सोयीसाठी केले, हे समजते. पण लेनिन तिथे सरकारप्रमुख म्हणून बोलतो आहे की चळवळीतला जुना माणूस म्हणून, हे त्या एका शब्दावरून कळत होते. अनुवादात ते कळेनासे झाले.

तारखांचेही तसेच. रशियाची जुनी दिनदर्शिका युरोपच्या तेरा दिवस मागे होती. ती फेब्रुवारी १९१८ मध्ये बदलली. म्हणून स्त्री कामगारांच्या संपाने सुरू झालेली फेब्रुवारी क्रांती ८ मार्चची आणि ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरची. नव्या सरकारने शहरातल्या प्रसिद्ध नेव्हस्की रस्त्याचे नाव ‘२५ ऑक्टोबर मार्ग’ केले. म्हणजे आपणच रद्द केलेल्या दिनदर्शिकेतली तारीख रस्त्याला दिली. मार्च १९१८ मध्ये राजधानी मॉस्कोला गेली. मागे राहिलेल्या शहरात ना धान्य, ना सरपण. १९१७ मध्ये तेवीस लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९२० पर्यंत सात लाखांवर आली. जे तगून होते ते लाकडी घरे मोडून शेकोट्या करत होते. ‘न्यायबिंदू’ची आवृत्ती याच १९१८ सालची. त्या वर्षी त्या शहरात सातव्या शतकातल्या बौद्ध नैयायिकाची मुद्रिते तपासणारा माणूस काय खात असेल, हा विचार ते पान पाहताना माझ्या मनात नेहमी येतो.

आता पुश्किन. ‘ब्राँझचा घोडेस्वार’ हे दीर्घकाव्य त्याने १८३३ मध्ये बोल्दिनो या खेड्यात लिहिले. १८२४ च्या नोव्हेंबरात नेवेला महापूर आला, त्यात येव्गेनी नावाच्या एका गरीब कारकुनाची प्रेयसी वाहून गेली. तो भ्रमिष्ट झाला आणि एका रात्री पीटरच्या पुतळ्यापुढे मूठ उगारून उभा राहिला. पुतळा आपल्या पाठीमागे लागला आहे असे वाटून रात्रभर पळत राहिला. एवढीच कथा. या काव्यावर आजवर ग्रंथच्या ग्रंथ झाले. राज्य विरुद्ध व्यक्ती, निसर्ग विरुद्ध मानवी इच्छा, असे त्याचे अर्थ लागत आले आहेत. मी ते काव्य रशियन शिकून, कोश मांडीवर घेऊन, मोडतोड करत वाचले. त्यामुळे असेल, पण मला त्यात आधी दिसली ती नावे.

सुरुवातीच्या प्रस्तावनेत नदीकाठी उभा असलेला राजा येतो, तो फक्त ‘तो’ या सर्वनामाने. पीटर हे नाव तिथे घेतलेले नाही. नायकाचे पहिले नाव कवी सांगतो आणि आडनावाची आपल्याला गरज नाही म्हणून पुढे जातो. म्हणजे संस्थापकाला नाव नाही आणि कारकुनाला आडनाव नाही. शहराला मात्र नावेच नावे. उपशीर्षकात ती ‘पीटर्सबर्गची कथा’ आहे. पुरात बुडणाऱ्या शहराला कवी ‘पेत्रोपोल’ म्हणतो. अठराव्या शतकातल्या स्तुतिपर काव्यातले ते ग्रीक वळणाचे नाव. आणि पहिल्या भागाच्या अगदी आरंभी, नोव्हेंबरातल्या मळभलेल्या संध्याकाळचे वर्णन येते तिथे शब्द आहे ‘पेत्रोग्राड’. १९१४ च्या ऐंशी वर्षे आधी!

झारच्या दरबाराने १९१४ मध्ये नवे नाव घडवले नाही. कवितेत पडून असलेले उचलले. हा शोध माझा नाही, रशियन शाळेतल्या मुलांनाही तो माहीत असतो. पण त्यावर जे भाष्य सहसा केले जाते ते मला पटत नाही. ‘पेत्रोग्राड’ हा उदात्त, भारदस्त काव्यशब्द होता, म्हणून तो निवडला गेला, असे म्हणतात. शब्द भारदस्त आहे हे खरे. पण पुश्किनने तो वापरला आहे कुठे? राजाच्या स्तुतीची प्रस्तावना संपल्यावर. जिथे नदी आपल्या पात्रात आजाऱ्यासारखी तळमळते आहे, जिथे पाऊस खिडकीवर आपटतो आहे आणि कारकून भिजून घरी येतो आहे, तिथे. भारदस्त शब्द त्याने वाईट हवेत आणून ठेवला आहे. १९१४ च्या हुकमाने शब्द घेतला, हवा घेतली नाही. ती हवा तीन वर्षांनी आपोआप आली.

आणखी एक गोष्ट. तो पुतळा सेनेट चौकात आहे. पूर १८२४ चा, काव्य १८३३ चे. मधल्या १८२५ च्या १४ डिसेंबरला याच चौकात, याच पुतळ्याभोवती बंडखोर अधिकारी आपल्या पलटणी घेऊन उभे राहिले होते आणि तोफांनी उडवले गेले. पाच जण फासावर गेले. त्यांच्यातले काही पुश्किनच्या ओळखीचे, काही मित्र. काव्यात त्याचा उच्चार नाही. करता येण्यासारखाही नव्हता. पहिल्या निकोलसने स्वतः हस्तलिखितावर खुणा केल्या होत्या, आणि पुश्किनने त्या मान्य न करता काव्य बाजूला ठेवले. ते छापले गेले त्याच्या मृत्यूनंतर, १८३७ मध्ये, तेही फेरफार करून. तेव्हा येव्गेनीची पुतळ्यापुढची अर्धवट तुटलेली धमकी वाचताना तो चौक कोणता, हे वाचकाने आपले आपण आठवायचे आहे. या शहराच्या क्रांतीचा इतिहास त्याच्या साहित्यात असा बऱ्याचदा न उच्चारलेल्या तारखेच्या रूपाने येतो.

आंद्रेई बेली याची ‘पीटर्सबर्ग’ कादंबरी १९१३-१४ मध्ये क्रमशः आली. काळ १९०५ चा: संप, मोर्चे, आणि सार्डिनच्या डब्यात टिकटिकणारा बॉम्ब, जो एका विद्यार्थ्याने आपल्याच सेनेटर बापासाठी ठेवायचा आहे. प्रारंभी निवेदक शहराच्या नावांशी खेळतो. पीटर्सबर्ग, सेंट पीटर्सबर्ग, पीतर, सगळे एकच असल्याचे सरकारी थाटात सिद्ध करून दाखवतो. तो विनोद आहे. पण कादंबरी पुस्तकरूपाने आली १९१६ मध्ये, तेव्हा मुखपृष्ठावरच्या नावाचे शहर नकाशावर उरले नव्हते. बेलीने हे ठरवून केले नव्हते, तरी पुस्तकाचा अर्थ त्यामुळे बदलला. स्फोटाआधीच्या शहराची कादंबरी ती, आणि नाव आधीच उडालेले.

२१ जानेवारी १९२४ ला लेनिन वारला. मॉस्कोजवळच्या गोर्की गावी. पाच दिवसांनी पेत्रोग्राडचे लेनिनग्राड झाले. लेनिनचे या शहरातले वास्तव्य तुकड्या-तुकड्यांचे होते. सगळे मिळून फार तर काही वर्षे, त्यातही अटक आणि भूमिगत काळ. पण १९१७ च्या एप्रिलमध्ये तो फिनलंड स्थानकावर उतरला ते इथे, आणि सत्ता घेतली ती इथल्या स्मोल्नीत. शहराच्या नावावर हक्क सांगायला तेवढे पुरेसे मानले गेले. आसपासच्या गावांची नावेही या काळात भराभर फिरली. गातचिना १९२३ मध्ये ट्रॉट्स्कीच्या नावाने ‘त्रोत्स्क’ झाले. ट्रॉट्स्कीची हकालपट्टी झाली त्या १९२९ मध्ये ते ‘लाल रक्षकांचे गाव’ झाले, आणि १९४४ मध्ये पुन्हा गातचिना. एवढ्यात तिथला एखादा पोस्टमन निवृत्त व्हायचा होता.

१९२८ मध्ये कोन्स्तान्तिन वागिनोव्हची ‘बोकडाचे गाणे’ ही कादंबरी आली. (‘ट्रॅजेडी’ या ग्रीक शब्दाचा धात्वर्थ.) तिच्या छोट्या प्रास्ताविकात लेखक उंबऱ्यावर येऊन सांगतो, की पीटर्सबर्ग आता नाही, लेनिनग्राड आहे, पण त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, कारण आपला धंदा शवपेट्या करण्याचा आहे, पाळणे करण्याचा नव्हे. दोन वर्षांनी, १९३० च्या डिसेंबरात, मान्देलश्तामने आपल्या जन्मभर ओळखीच्या या शहरात परत येण्याविषयी एक छोटी कविता लिहिली. तिचे शीर्षक ‘लेनिनग्राड’. आत मात्र कवी शहराला हाक मारतो ती ‘पीटर्सबर्ग’ म्हणून, आणि मरायची आपली अजून इच्छा नाही, असे त्याला विनवतो. मेलेल्यांचे पत्ते आपल्याजवळ आहेत म्हणतो. गाडीतून उतरणाऱ्याला फलाटावर लेनिनग्राड वाचावे लागते. पण जीवदान मागायचे ते जुन्या ओळखीच्याकडे. तो १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला.

या दोघांना एकत्र ठेवून मॉस्कोचे थोर अभ्यासक व्लादिमीर तोपोरोव्ह यांनी १९८४ मध्ये ‘रशियन साहित्यातील पीटर्सबर्ग-संहिता’ ही कल्पना मांडली. पुश्किनपासूनचे या शहराविषयीचे सगळे लेखन ही जणू एकच अखंड संहिता. तिची शब्दकळा एक, दलदल-धुके-पाणी-वेड ही सामग्री एक, आणि गाभ्याशी दुःखातून उद्धाराचा एकच मार्ग. ही संहिता बंद करणारा लेखक म्हणजे वागिनोव्ह, असे ते म्हणतात. तोपोरोव्हविषयी मला जिव्हाळा आहे, आणि त्याचे कारण पीटर्सबर्ग नाही. धम्मपदाचा पालीवरून रशियन अनुवाद त्यांचा. त्या टीपांनी मला अडलेल्या गाथांत हात दिला आहे. पण त्यांची ही सीमारेषा मला मान्य होत नाही. वागिनोव्हचे म्हणणे, की लेनिनग्राडला पाळणे लागतील, शवपेट्या नाहीत. ते लिहून पंधरा वर्षेही झाली नव्हती, तेव्हा या शहराला शवपेट्या पुरेनाशा झाल्या. संहिता बंद झाली म्हणायचे, तर मग पुढचे मेलेले कोणत्या पुस्तकात जातात?

आन्ना आख्मातोव्हा ही या जुन्या शहराची कवयित्री. तिची भाषा, तिचे शिष्टाचार, सगळे १९१३ चे. तिने ‘रेक्विएम’ १९३५ ते १९४० या काळात रचले. मुलगा तुरुंगात, आणि ती इतर बायांबरोबर महिनोन् महिने तुरुंगाबाहेरच्या रांगेत. कागद धोक्याचा, म्हणून ओळी मैत्रिणींनी पाठ केल्या. म्युनिकमध्ये ते छापले गेले १९६३ मध्ये. मायदेशात १९८७ साली. या काव्याच्या गद्य प्रास्ताविकातल्या रांगा लेनिनग्राडच्या आहेत. पद्यातही शहराचे नाव येते ते लेनिनग्राड असेच, आपल्याच तुरुंगांना लटकलेले एक निरुपयोगी लोढणे म्हणून. तिला पीटर्सबर्ग म्हणता आले नसते का? तिने ते नाव दुसरीकडे वापरलेच. ‘नायकाविना काव्य’ या दीर्घरचनेच्या पहिल्या भागाला ‘१९१३’ हे शीर्षक आणि ‘पीटर्सबर्गची कथा’ हे पुश्किनचेच उपशीर्षक तिने दिले. म्हणजे कुठे काय म्हणायचे हे ती मोजून ठरवत होती. रांगेतल्या बाया पीटर्सबर्गच्या नव्हत्या. त्यांना तिथे उभे करणारी व्यवस्था लेनिनग्राडची होती, आणि ज्या नावाखाली त्यांनी सोसले ते नाव त्यांच्याकडून काव्यमयतेसाठी काढून घेणे तिला अप्रामाणिक वाटले असावे. असावे म्हणतो, कारण हा माझा तर्क आहे.

मग वेढा. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, आठशे बहात्तर दिवस. पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत, कामगाराला रोज २५० ग्रॅम पाव आणि बाकीच्यांना, मुलांनाही, १२५ ग्रॅम. त्यातही भुसा-पेंड मिसळलेली. मृतांचा आकडा न्यूरेंबर्ग खटल्यात सव्वासहा लाखांच्या वर सांगितला गेला. नंतरचे इतिहासकार आठ ते दहा लाखांपर्यंत जातात. ओल्गा बेर्गोल्त्स या काळात नभोवाणीवरून शहराशी बोलत होती. तिला १९३८ मध्ये याच राजवटीने तुरुंगात टाकले होते, तिथे तिचे न जन्मलेले मूल गेले होते. जानेवारी १९४२ मध्ये नवरा उपासमारीने गेला. त्या वर्षी तिने लिहिलेल्या दीर्घकवितेचे नावच ‘लेनिनग्राड काव्य’. इथे लेनिनग्राड म्हणताना लेनिन कोणाच्या ध्यानात नव्हता. वाणी, न्हावी, सरपण ओढणारी पोर, पावाच्या रांगेत कोसळणारी म्हातारी, त्या सगळ्यांचे मिळून ते नाव झाले. शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी प्रथम वाजली ती मार्च १९४२ मध्ये कुइबिशेव्ह इथे. (तेही नाव बदललेलेच, मूळ गाव समारा.) पण तिला ‘लेनिनग्राड सिम्फनी’ म्हणतात, आणि ऑगस्टमध्ये उपाशी वादकांनी ती वेढलेल्या शहरात वाजवली.

याच वेढ्यात एक विलक्षण गोष्ट घडली, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. १३ जानेवारी १९४४ ला, वेढा पूर्ण उठायला दोन आठवडे असताना, शहराच्या सोव्हिएतने वीसेक रस्त्यांची आणि चौकांची जुनी नावे परत दिली. २५ ऑक्टोबर मार्ग पुन्हा नेव्हस्की झाला. उरीत्स्की चौक पुन्हा राजवाडा चौक झाला. (उरीत्स्की हा गुप्त पोलिसांचा प्रमुख, १९१८ मध्ये त्याच चौकात त्याला गोळी घातली ती एका तरुण कवीने.) म्हणजे लेनिनग्राड हे नाव सगळ्यात खरे झाले त्याच घडीला आतले रस्ते पीटर्सबर्गचे झाले. तोपोरोव्हच्या अखंड संहितेत हे बसत नाही. सरकारी इतिहासातही बसत नाही.

मराठीला हा अनुभव दुसऱ्या एका शहराच्या नावातून आला. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ मध्ये ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. ते गाव १९२५ पर्यंत त्सारित्सिन होते. अण्णा भाऊ १९६१ मध्ये रशिया पाहून आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. पोवाड्याचे शीर्षक कोणी बदलले नाही, आणि बदलू नये.

पण मी शीर्षकपानांपासून निघालो होतो. लेनिनग्राडच्या शीर्षकपानाशी एका मराठी लेखकाचा प्रत्यक्ष संबंध आहे. गोव्यातून बुद्धाच्या शोधात निघालेले धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये लेनिनग्राडला गेले आणि तिथल्या विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली. परत येऊन ते १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले. ते गेले तेव्हा श्चेर्बात्स्की यांच्याभोवती तरुण अभ्यासकांचा एक लहानसा गट होता. संस्कृत, तिबेटी, बंगाली जाणणारा. जगात बौद्ध न्यायाचा अभ्यास त्या घडीला तिथल्याइतका गंभीरपणे क्वचितच कुठे चालला असेल. मिखाईल तुब्यान्स्की त्यांतला एक. टागोर मूळ बंगालीवरून रशियनमध्ये आणणारा. आंद्रेई वोस्त्रिकोव्ह दुसरा. १९३७ मध्ये दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर ग्रंथमाला थांबली. श्चेर्बात्स्की वेढ्याआधी शहरातून हलवले गेले आणि १९४२ मध्ये कझाकस्तानात वारले.

माझ्या यादीत ‘लेनिनग्राड’ या नोंदी ज्या ग्रंथांपुढे आहेत, ते ग्रंथ ज्या माणसांचे, त्यांपैकी काहींना त्याच नावाच्या शहराने मारले. म्हणून जेव्हा एखाद्या नव्या सूचीत सोयीसाठी सगळ्याच ग्रंथांपुढे ‘सेंट पीटर्सबर्ग’ असे एकसारखे छापलेले दिसते, तेव्हा मी अस्वस्थ होतो. सूचिकाराचा हेतू शुद्ध असतो. पण त्याने तुब्यान्स्कीला झारच्या शहरात नेऊन बसवलेले असते, जिथे त्याला कोणी मारले नसते.

१२ जून १९९१ ला शहरात मत घेतले गेले, नाव कोणते हवे. सुमारे पंचावन्न टक्के लोक जुन्या नावाच्या बाजूने गेले. सोल्झेनित्सिनने ‘स्व्यातो-पेत्रोग्राड’ असे तिसरेच नाव सुचवले होते, डच-जर्मन छटा नको म्हणून. ते कोणी मनावर घेतले नाही. सप्टेंबरात सेंट पीटर्सबर्ग अधिकृत झाले. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमच्या घरात सोव्हिएत मासिकांच्या चकचकीत पानांची कव्हरे घातलेल्या वह्या होत्या आणि मॉस्कोत छापलेली स्वस्त मराठी पुस्तके होती. ती बातमी वाचून मला खरोखर वाईट वाटले होते. आपले काहीतरी गेले असे. आज ते वाईट वाटणे मला पोरकट वाटते, कारण मी ते लेनिनसाठी केले होते. पण त्याच वेळी त्या शहरातल्या वेढ्यातून वाचलेल्या कित्येकांनी जुन्या नावाला विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे निराळे होते. आमची माणसे लेनिनग्राडमध्ये मेली, असे ते म्हणत होते. उलट बाजूला, त्या शहरात १९४० मध्ये जन्मलेला आणि तिथूनच हाकलला गेलेला जोसेफ ब्रॉडस्की जुने नाव परत येण्याच्या बाजूने होता. दोन्हीकडे ज्यांनी सोसले तेच होते. पंचावन्न विरुद्ध पंचेचाळीस या आकड्यात हे दिसत नाही.

शहराभोवतीच्या प्रांताने मत वेगळे ठेवले. तो आजही लेनिनग्राड प्रांतच आहे, आणि त्याच्या मधोमध सेंट पीटर्सबर्ग.

ग्रंथमाला १९६० मध्ये पुन्हा सुरू झाली. एकतिसावा क्रमांक धम्मपदाचा, अनुवादक तोपोरोव्ह. शीर्षकपानावर गाव मॉस्को. माझ्या यादीत ही चौथी नोंद आहे आणि ती खरोखरच वेगळ्या शहराची आहे. मधल्या तेवीस वर्षांपुढचा रकाना मी कोरा ठेवला आहे.